मनीषाच्या नावावरच्या लढाया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खून नाही, चोरी नाही — कॉम्प्युटरवरच्या एका खेळाची गोष्ट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी चौथी शिकलेली बाई. भूकंपात नवरा गेला, घर गेलं. सरकारनं वसवलेल्या नव्या गावात मन लागेना, म्हणून लातूरला दोन खोल्या घेतल्या आणि क्लासच्या पोरापोरींना डबे द्यायला लागले. आता तुम्ही म्हणाल — बिचारी, पडलेलं गाव खेळात पुन्हा उभं करत असेल! तसलं काही नाही. मी खेळात गावं बांधायचे ती दुसऱ्याची पाडता यावीत म्हणून. मला जिंकायला आवडायचं. बस.

माझा धाकटा भाऊ दिगंबर मुखेडकडे शाळेत मास्तर. समोरच्याला अक्कल नाही हे आधीच ठरवून बसणारा. तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला लातूरचं खूळ लागलं होतं. काल डाळीची पोती उतरायची तिथं आज क्लासची पाटी. ज्याला त्याला घरात डॉक्टर हवा होता — जसा काही डॉक्टर आठवडी बाजारात मिळतो. दिगंबरनं मनीषाला, त्याच्या एकुलत्या एका पोरीला, दहावीनंतर माझ्याकडे ठेवलं. अभ्यासाच्या सीडी मिळतात असं कुणी सांगितलं, म्हणून कॉम्प्युटरही घेऊन दिला. जोडून देणाऱ्यानं त्यात तो खेळ फुकटात टाकून दिला.

दुसरा भाग होता तो. पहिला येऊन गेलेला, त्यात फार जुन्या काळची राज्यं होती म्हणे. ह्यात किल्ले, घोडेस्वार, तोफा. माणसांना कामाला लावायचं — कुणी लाकूड तोडायचं, कुणी बोरं वेचायची, कुणी सोनं खणायचं — आणि जमलं की फौज काढून शेजारच्या राज्यावर जायचं. बुद्धिबळासारखं नाही, की तुझं झालं मग माझं. इथं समोरचा थांबत नाही. तुम्ही घर बांधता तेव्हाच तो तुमच्याकडे निघालेला असतो. त्यातली शेती बघून मला हसू यायचं. ना पाऊस, ना खुरपणी! पण एका वेळी चूल, पाणी, गुरं, पोरं बघितलेल्या बाईला त्यात अवघड काय?

मनीषानं एका रविवारी खेळून दाखवला. नाव विचारलं तिथं तिनं स्वतःचं टाकलं. तासाभरात ती कंटाळली, पुन्हा हात लावला नाही. मला मात्र चटक लागली. इंग्रजी येत नव्हतं, चित्रं कळत होती. अकराला डबे गेले की मी बसायचे. ती क्लासहून यायची, सीडी लावायची असायची, आणि मी म्हणायचे — थांब गं, एवढी लढाई होऊ दे. ती पुस्तक घेऊन जमिनीवर बसायची. किती दिवस असे गेले? पुष्कळ.

गावात ह्या खेळाचं नाव बदनाम झालं होतं. पोरं क्लास बुडवून सायबर कॅफेत बसायची, एकमेकांची राज्यं जाळायची. एका क्लासवाल्यानं तर दारावर लिहून लावलं होतं — गेम खेळणाऱ्याच्या पालकांना बोलावण्यात येईल. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे दिगंबरला हा खेळ दिसला तर काय होणार हेही मला माहीत होतं.

बारावीच्या दिवाळीनंतर मनीषाला चाचणीत मार्क कमी पडले. क्लासचं पत्र मुखेडला गेलं, दिगंबर न कळवता आला. मनीषा नुकतीच क्लासहून आलेली, आणि समोर माझी लढाई अर्धवट थांबवलेली. शाळेत कॉम्प्युटरचं प्रशिक्षण झालेला गडी — त्यानं साठवलेल्या लढायांची यादी उघडली. प्रत्येकीवर मनीषाचं नाव.

"ही काय भानगड हाय?"

"माझ्या न्हाईत त्या, अण्णा. आत्या खेळते."

तो हसला. "आत्या? अगं, चौथी शिकलेली बाई हाय ती! खोटं बोलायलाबी अक्कल लागते, मने." मग माझ्याकडे वळून, "काय गं आक्का, तू खेळतीस व्हय हे?"

यादीत वेळही लिहिलेली होती. अकरा, बारा, साडेबारा. त्या वेळी पोरगी क्लासात असते हे फी भरणाऱ्या बापाला कळू नये? नाही कळलं. मी बोट ठेवून दाखवू शकले असते. मी काय म्हणाले?

"मला काय कळतंय बाबा त्यातलं. मी आपली पोळ्या लाटते."

"आत्या, सांग की," मनीषा म्हणाली. एकदाच.

जन्मभर ह्या भावानं मला अडाणी म्हटलं, आणि जन्मभर मला त्याची चीड होती. नेमकी त्या दिवशी मी त्याच अडाणीपणाच्या आड जाऊन बसले. भीती वाटली का? नाही. पन्नाशीची विधवा भर दुपारी खेळत बसते हे त्याला कळलं असतं, तो हसला असता — तेवढंच. तेवढ्यासाठी.

त्यानं पोरीला तसंच एसटीत बसवून नेलं. कॉम्प्युटर नेता येईना. म्हणाला, पडू दे हितंच. दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर मी बसले आणि ती राहिलेली लढाई पुरी केली. जिंकले.

मनीषानं बारावी गावाकडूनच दिली. पास झाली, त्याच्या पुढे काही नाही. दोन वर्षांत देवणीला लग्न करून दिली. डॉक्टर झाली असती का? ठाऊक नाही. 'नसतीच झाली' हे उत्तर मला फार सोयीचं आहे, म्हणून मी ते देत नाही.

खेळाचं बरं चाललं. तिसरा भाग आला, बंदुका-जहाजांचा. मला नाही आवडला. मग बरीच वर्षं काही नाही, लोक म्हणाले संपला. पुढं जुनाच दुसरा भाग नवा रंग देऊन काढला, नंतर चौथा. आता बक्षिसं लावून खेळतात आणि हजारो रिकामटेकडे नुसते बघत बसतात. शिकलेली माणसं सांगतात, ह्या खेळानं एका पिढीला इतिहास शिकवला, नियोजन शिकवलं. शिकवलं असेल. मी अजूनही खेळते. आपलं एक माणूस मेलं तर दुसरं तयार करायचं, हे मला त्यानं शिकवायची गरज नव्हती.

मनीषा येते, पाया पडते, चहा पिऊन जाते. विषय तिनं कधी काढला नाही. मीही नाही.

गेल्या साली दिगंबर नांदेडला दवाखान्यात होता. मी उशाशी. मनीषा खाली औषधं आणायला गेलेली, खोलीत आम्ही दोघंच. तो म्हणाला, "पोरगी हुशार होती, आक्का. पण खोटारडी निघाली. तेवढंच सलतंय."

तो पूर्ण शुद्धीवर होता. मी विचारलं, "पाणी देऊ का?"

चार दिवसांनी तो गेला. चारही दिवस मी तिथंच होते.