रेशमाला अडणारे हात

बेळगावजवळच्या वडगावात यल्लाप्पाच्या घरी दोन हातमाग होते. थोरली सून रुक्माबाई रेशमाच्या कांड्या भरायची. तिचा नवरा परसू मानमोडी तापाच्या साथीत गेला. पदरात मूल नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं. सासऱ्यानं तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, पण या घरात आपण राहतो ते आपल्या हातांच्या जिवावर, असं तिच्या मनानं घेतलं होतं. आणि हात होतेही तसेच. रहाटावर बसली की रेशीम तिच्या बोटांतून पाण्यासारखं वाहायचं. गिऱ्हाईक आलं की यल्लाप्पा ते मुद्दाम दाखवायचा.

परसू गेला त्याच्या पुढच्याच थंडीत तिचे हात फुटायला लागले. आधी नुसते खरखरीत झाले, मग बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या. रेशमाचा धागा चिरेत अडकायचा, तुटायचा. ती घाईनं गाठ मारायची आणि कुणी बघितलं नाही ना, म्हणून मान वळवून बघायची.

तिची कातडी पहिल्यापासूनच नाजूक. नव्या लुगड्याच्या खळीनंसुद्धा अंगावर पुरळ यायचं. तिनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला, हात लालभडक झाले. साईत हळद घालून चोळली, तर रात्रभर आग झाली. खोबरेल सोसायचं, पण सकाळी हात कितीही पुसले तरी रेशमावर तेलाचे ठिपके उठायचे. बेळगावच्या पेठेत एका दुकानात विलायती मलमाची डबी दिसली. किंमत ऐकून तिनं ती अलगद परत ठेवली. घरात कुणाला सांगायची तर सोयच नव्हती. फुटक्या हातांची विधवा कुणाला हवी, हा एकच विचार तिच्या डोक्यात.

मार्गशीर्षात एका वकिलाच्या घरच्या लग्नाची साडी मागावरून उतरली. मोतिया रंगाची, लाल काठांची. रुक्माबाई आणि धाकटी जाऊ मालुबाई अशा दोघी मिळून घडी घालत होत्या. मालुबाईचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी विळीवर तिचं बोट कापलं होतं, त्यावर चिंधी बांधलेली होती. रुक्माबाईनं पदर सारखा करायला हात फिरवला आणि तिला टचकन काही टोचल्यासारखं झालं. हात उचलला तर मोतिया रेशमावर रक्ताचा डाग.

तिनं मूठ मिटली.

यल्लाप्पा जवळच उभा होता. त्याची नजर डागावरून थेट मालुबाईच्या चिंधीवर गेली. "लग्नाच्या साडीवर रगत! अगं, बोट कापलंय तर हात कशाला लावलास?"

"मामंजी, माझं बोट कालच सुकलंय—"

"मग काय आकाशातनं पडलं?"

मालुबाईनं रुक्माबाईकडं बघितलं. आक्का आपल्या बाजूनं काहीतरी बोलतील, असं तिला वाटलं असावं. रुक्माबाई घडीकडं बघत राहिली. मूठ पदराखाली होती.

गिऱ्हाइकानं साडी घेतली नाही. नव्या सुनेचा पायगुण बरा नाही, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली. मालुबाईचा नवरा केदारी आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. यल्लाप्पानं तिला रेशमापासून उठवलं आणि परसात सुताला कांजी लावायच्या कामाला बसवलं. त्या थंडीत पहाटेपासून तिचे हात गार पाण्यात आणि कांजीत असायचे.

रुक्माबाई रोज ठरवायची, आज सांगू. सांगायला तोंड उघडलं की आपलं बोचकं उंबऱ्याबाहेर दिसायचं आणि ती पुन्हा रहाटाकडं वळायची. जेवताना मालुबाई तिच्या पानात आमटी वाढायची, तेव्हा तिला मान वर करवत नसे.

पौषात शहापूरच्या बाजारात तिला बायाक्का भेटली. ही जांबोटीकडची म्हातारी. आमसुलं आणि मध घेऊन रानातनं चालत यायची. आमसुलं घ्यायला रुक्माबाईनं हात पुढं केला, तेव्हा बायाक्कानं तो धरूनच ठेवला.

"लई फुटल्यात की गं हात! काय लावतीस?"

"काय लावलं तरी झोंबतंय."

बायाक्कानं टोपलीतून पानात गुंडाळलेला फिकट पिवळा गोळा काढला. "भिरंडेल हाय. भिरंडाच्या, म्हंजी आमसुलाच्या फळाच्या, बिया कुटून, उकळून वर येतं ते. निखाऱ्याजवळ धर, पातळ झालं की झोपताना चोळ. सकाळी बेसनानं हात धू. आमच्याकडं तान्ह्या पोरालाबी लावत्यात, झोंबायचं न्हाय."

आमसुलांच्याच पैशांत तो गोळाही आला, इतका स्वस्त. पहिल्या दिवशी तिनं भीतभीतच एका बोटाला लावून बघितला. आग झाली नाही. मग दोन्ही हातांना. चिरा हळूहळू मिटल्या, आणि बेसनानं धुतलेल्या हातांचा तेलकटपणा रेशमावर उतरेना. धागा पुन्हा सरळ जायला लागला. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण बोटांकडं बघून तिला भलतंच सुचलं: आता तो डाग आपला होता याची खूणही राहिली नाही. आता कुणाला कधीच कळणार नाही. या विचारानं क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच ती शरमेनं अर्धी झाली.

एका संध्याकाळी मालुबाई चुलीपुढं हात शेकत बसली होती. तळवे सोलपटले होते, बोटांना चिरा गेल्या होत्या. रुक्माबाईनं न बोलता भिरंडेल आणलं, पातळ केलं आणि तिचे हात मांडीवर घेऊन चोळू लागली.

मालुबाईचे डोळे भरून आले. "आक्का, या घरात तुमीच तेवढं माझं बघता."

रुक्माबाईचा हात थांबला. "माले, तसं म्हणू नगंस. त्या साडीवरचा डाग माझ्या बोटाचा हुता. मला तवाच कळलंतं. मी गप बसले."

मालुबाईनं आपले हात हळूच काढून घेतले. जाळाकडं बघत ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं की मी न्हाय. मामंजींना सांगा."

सकाळी रुक्माबाई मागापुढं उभी राहिली आणि केदारीच्या देखत सासऱ्याला सगळं सांगितलं. यल्लाप्पानं धोटा खाली ठेवला. "हात दाव बघू."

तिनं दाखवले. तो उलटसुलट बघून हसला. "ह्या हातानं रेशीम बिघडंल व्हय? धाकटीची कीव आली म्हणून अंगावर घेतीस. लई मोठं मन हाय तुझं, पोरी. जा, कामाला बस."

केदारीनंही मान डोलावली. दुपारपर्यंत शेजारणी म्हणू लागल्या, जाऊ असावी तर अशी! मालुबाई परसात कांजी ढवळत होती. तिनं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. रुक्माबाईला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्या दिवसापासून तिनं भिरंडेल लावणं सोडलं. सकाळी लवकर उठून, मालुबाईला बाजूला सारून, स्वतःच कांजीत हात घालायची. वारं कोरडं होतंच. हात पुन्हा फुटले, पहिल्यापेक्षा वाईट. मग एक दिवस तिनं रेशमाची लड घेतली आणि सासऱ्यासमोर नुसती बोटांतून ओढली. धागा अडला, तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. लडीवर बारीक लाल ठिपके उमटले.

"तवाबी असंच हुतं, मामंजी. भिरंडेल लावून बरं केलंतं. घरातनं घालवाल म्हणून बोलले न्हाय."

यल्लाप्पानं लड तिच्या हातातून काढून घेतली. मग त्यानं विचारलं, "घालवीन असं वाटलं तुला?" आणि थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात, "त्या पोरीला मी काय काय बोललो गं."

मालुबाई रेशमावर परतली. यल्लाप्पानं गल्लीत चार माणसांत आपली चूक सांगितली. केदारी बायकोपुढं नीट उभाही राहू शकेना. रुक्माबाईला कुणी घालवलं नाही. कांजीचं काम तिनं मागून घेतलं, आणि पुढं हात बरे झाल्यावर सासऱ्यानं बोलावलं तरी ती रहाटावर बसली नाही. दर थंडीत ती बायाक्काकडनं भिरंडेल आणायची आणि गल्लीतल्या कांजीवाल्या बायकांना वाटायची. मालुबाईही घ्यायची, पण स्वतःच्या हातानं लावायची. दोघींत कामापुरतं बोलणं होई.

तिसऱ्या वर्षी मालुबाईला मुलगी झाली. थंडीत पोरीचे गाल तडकले, ती सारखी किरकिर करायची. एका सकाळी मालुबाई पोरीला घेऊन परसात आली आणि तिला रुक्माबाईच्या पायांवर ठेवलं.

"हिला जरा लावा," ती म्हणाली, "मला रेशमावर बसायचंय."

रुक्माबाईनं आधी आपला हात स्वतःच्या गालावर फिरवून बघितला, खरखरीत नाही ना म्हणून. मग पोरीला हात लावला.