खारा आकडा

दूध फुटल्याचा वास आला की मला कॉलेजची ती दुपार आठवते. इंटरनेट नवं होतं. दूरच्या एका कॉलेजातली मुलं आणि आम्ही आपापल्या विहिरींच्या पाण्यातलं मीठ मोजून आकडे एकाच तक्त्यात भरत होतो. प्रयोगातल्या माझ्या जोडीदारणीच्या घरच्या विहिरीचा आकडा सगळ्यांच्या कितीतरी पट निघाला. ‘बाटली समुद्रात बुडवलीत काय?’ पडद्यावर तिकडची ओळ उमटली. सगळे हसले. मी पुन्हा मोजलं, आकडा तोच. ती हळूच म्हणाली, “चायेत दूध फुटता म्हणान आवस दूधवाल्याक गाळी घालता. आमका दुसरी बाव नाय रे.” तिची आई त्याच एका विहिरीच्या पाण्याचा चहा करायची. खिडकीबाहेर समुद्र अगदी शांत होता. तिकडच्या सरांनी आकडा चुकीचा समजून खोडला. किनाऱ्यालगतचं तिचं घर आता रिकामं आहे. आमचं त्याच्या मागचं; आमच्या विहिरीचं पाणी मी दरवर्षी मोजतो, आणि आकडा चढतो आहे.