सुधाताईची रंग न आलेली नळी

सुधाताई गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. मेंदूत रक्तस्राव… आदल्या संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत काम करत होती म्हणे. पाच आठवडे झाले. लिहायला बसले की पेन थांबतं.

नव्वदीच्या सुरुवातीला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी तिच्या हाताखाली आले. बाळकुमच्या आमच्या कोळीवाड्यातली कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली मुलगी, आणि हे मी येता-जाता सगळ्यांना ऐकवायचे. डोंबिवलीची सुधाताई शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं. आता नळ्या धू."

तिचा विषय क्षयाचे जंतू. आपल्या अंगातल्या भक्षक पेशी जंतू गिळतात. पण हा असा चिवट, की गिळल्यावरही पेशीच्या आत बिऱ्हाड मांडून राहतो. मग पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. तो झिरपत जंतूपर्यंत जातो आणि त्याला मारतो. वायू स्वतः काही क्षणांत नाहीसा होतो, मागे फक्त त्याची खूण राहते. वर एक द्रावण टाकलं की ती खूण गुलाबी दिसते. उंदराच्या पेशींची नळी माझ्यासमोर गुलाबी झाली, त्या दिवशी मी हवेतच घरी गेले.

घरी बाबांना क्षय होता. गोळ्यांचा तिसरा महिना. खोकला थांबला होता, पण गोळ्यांनी मळमळायचं, होडी घेऊन खाडीत जाववत नव्हतं. जेवताना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, आपल्याच पेशी वायू सोडून जंतू मारतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

तीन आठवड्यांनी होडीतल्या डब्यात गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या सापडल्या.

"तूच बोललीस ना गो, आपलंच अंग मारतंय. मंग गोल्या कनाला?"

आई भांडली, मी रडले. बाबा मुद्दा सोडेनात, आणि मुद्दा माझाच होता. क्षयाने काका गेलेला मी पाहिला होता… दुसऱ्या दिवशी सुधाताईला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "रविवारी येते."

आली. ओसरीवर बाबा जाळं विणत होते, त्यांच्यासमोर खालीच बसली.

"काका, हिने बघितलं ते उंदराच्या पेशीत. तुम्ही उंदीर आहात का?"

बाबांना हसू फुटलं. "मंग मानसाचं काय?"

"माणसाच्या पेशी घेऊन चार वर्षं बसलेय. नळीला रंगच येत नाही."

"म्हंजे तुला पन ठाव नाय?"

"नाही." हे ती इतक्या सरळ म्हणाली की मलाच लाज वाटली. "गोळ्यांनी माणूस बरा होतो, हे ठाऊक आहे. मध्येच सोडल्या तर जंतू शिरजोर होतो, तेही."

बाबांचे हात जाळ्यावर थांबले. मग आईला म्हणाले, "एवढी शिकलेली बाय 'नाय ठाव' बोलते… म्हंजे बाकीचा खरा असल. डबा आन."

डॉक्टरांनी थुंकी तपासली आणि उपचार पहिल्यापासून सुरू केले. या वेळी बाबांनी एक गोळी चुकवली नाही. सुधाताईने मला पुढे कधी त्यावरून टोकलं नाही. फक्त माझ्या प्रोजेक्टच्या पानापानावर लाल पेनाने लिहिलं : 'उंदराच्या पेशीत'.

गेल्या रविवारी बाबा म्हणाले, मलापन यायचंय. डोंबिवलीला तिच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट नाही. चौथा मजला. मी दुसऱ्यावर कठड्याला टेकले. बाबा पुढे गेले. वर तिची खोली तशीच होती. टेबलावर चष्मा, खिडकीत वाळत घातलेला पांढरा ॲप्रन अजून कोणी काढला नव्हता. तिच्या आईने बाबांकडे तिची खुर्ची सरकवली.

"बसा. एवढे जिने… दम लागला असेल."

बाबा उभेच राहिले. ॲप्रनकडे बघत म्हणाले, "नाय लागला, वैनी."