तार तुटली त्या दिवशीची हाळी

माझी नात बेळगावात कॉम्प्युटरवर काम करते. परवा सांगत होती, "आज्जी, इंटरनेट कसं सुरू झालं ठाऊक हाय? तू तरणी व्हतीस तेव्हा तिकडं अमेरिकेत कुणाच्या तरी डोक्यात आलं, एक वाट मोडली तर निरोप दुसऱ्या वाटेनं जावा. आणि पोचला की तिकडनं तसं कळावं."

"डोंबल!" मी म्हटलं. "आमच्या जोयड्याच्या रानात हे तवाच व्हतं."

ती हसली. हसू दे. मी काही थापा मारत नाही.

आमची घरं डोंगरांवर विखुरलेली. निरोप जायचा तो हाळीनं. घरामागच्या खडकावर उभं राहून कर्त्या पुरुषानं ओरडायचं, समोरच्या डोंगरावरच्यानं तेच शब्द उचलून पुढं द्यायचे. निरोप पोचला की "पोचलं!" अशी हाळी त्याच वाटेनं परत यायची. बाईनं मात्र खडकावर चढायचं नाही. घरातला पुरुष गेला तरच बाईची हाळी. ती कुणी पुढं देत नसे. ऐकणारा मुंडासं उतरवून गप्प बसायचा आणि मग चालत मातीला यायचा. असला रिवाज!

भातकापणीचे दिवस होते. मालक घरामागं बांबू तोडत होते, कोयता निसटला आणि मांडीत घुसला. रक्त थांबेना. घरात मी, दम्यानं बेजार झालेले मामंजी आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची. खाली जंगलखात्याच्या बंगल्यात हँडल फिरवायचा फोन होता, पण फांदी पडून त्याची तार तुटलेली. रामनगरहून माल घेऊन आलेली जीप दुपारपर्यंत नंदिगड्ड्याला थांबायची. ती मिळाली तरच दवाखाना.

मामंजींनी हाळी दिली. ती अंगणातच खोकल्यात विरली. मी खडकाकडं निघाले तसा आत्यांनी माझा पदर धरला.

"अगं, जित्या नवऱ्यावर मरणाची हाळी देतीस व्हय?"

"सोडा आत्या! गप बसले तर खरंच मरतील." पदर हिसकला आणि चढले.

"नंदिगड्ड्याची जीप थांबवा! नवऱ्याला लागलंय!"

समोरच्या डोंगरावरच्या म्हाताऱ्यानं बाईचा आवाज ऐकला आणि बस्स, शब्द कुठले ऐकतोय! मुंडासं उतरवून खाली बसला. असा संताप आला मला! "जिता हाय माझा नवरा! मुंडासं घाल!" हलला नाही. निरोप तिथंच अडला.

मग मी पाठ फिरवली. नदीकडच्या उतारावर बायका भात कापत होत्या. त्यांच्याकडं तोंड करून ओरडले. सगळ्यांनी माना वर केल्या. मग एक जण विळा टाकून बांधावर चढली आणि माझे शब्द जसेच्या तसे पुढं दिले. तिच्यापुढं दुसरी, पुढच्या शेतातली. वाट लांबची, डोंगराला वळसा घालून जाणारी, पण तिच्यावर कुणी मुंडासं उतरवून बसलेलं नव्हतं.

मी खाली येऊन मालकांची मांडी दाबून बसले. त्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी देवाचा नाही, त्या बायकांचा धावा करत होते. आणि मग कुणाच्या तरी चिरक्या आवाजात आलं, "पोचलं!" रडूच कोसळलं मला.

जीप डोंगराखाली आली. मालक वाचले.

ते घरी आले त्या दिवशी वाडीतली जाणती माणसं अंगणात जमली. अपशकुन झालाय म्हणे, सुनेनं नारळ फोडून देवाची माफी मागावी. मामंजी मान खाली घालून बसलेले.

"नारळ फोडते की," मी म्हटलं, "कालवणाला खोबरं लागंलच. माफी न्हाई मागणार."

मालक खाटेवरून हसले. मी सगळ्यांच्या देखत परत खडकावर चढले.

"माझा नवरा जिता हाय! घरी आलाय!"

नदीकडच्या बायकांनी लगेच शब्द उचलले. समोरचा म्हातारा उठून उभा राहिला, माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं मुंडासं नीट बांधलं आणि पलीकडच्या डोंगराकडं तोंड करून हाळी दिली, "जिता हाय!"