आभाळाचे पन्नास फोटो

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरोलीत एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत होतो. फोन ठेवला आणि तो म्हणेल तो भाव कबूल केला... आयुष्यात पहिल्यांदा.

प्रज्ञा आमच्याच गल्लीतली. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. मी दुसऱ्यांच्या भट्टीवर राबून स्वतःची ओतकामाची फौंड्री उभी केलेली. डिजिटल कॅमेरे आले तसा मी माझ्या पंपाच्या बॉडीचे फोटो ई-मेलनं पाठवू लागलो. त्यातलाच एक उचलून शेजारच्या कारखानदारानं पुण्याच्या गिऱ्हाइकाला आपला माल म्हणून दाखवला, आणि वर मलाच चोर ठरवलं. मी तणतणत प्रज्ञाकडं गेलो. फोटोच्या फाइलीत तारीख, कॅमेऱ्याचा नंबर लपलेला असतो. त्या शेजाऱ्यानं ते सगळं पुसलं होतं. पण हिचे डोळे चमकले.

"पुसू दे की. प्रत्येक कॅमेऱ्याचा सेन्सर कुठं जरा जास्त, कुठं जरा कमी उजेड टिपतो. ती खोड त्याच्या प्रत्येक फोटोत उतरते. नुसत्या आभाळाचे पन्नास फोटो काढून आण."

"विसात भागव."

"शिवा, हितं पण घासाघीस?"

पन्नास आणले. तिनं ते एकावर एक रचले, आभाळ वजा केलं, उरलेली खोड त्या चोरलेल्या फोटोशी ताडून पाहिली आणि खुर्चीवरून उठलीच. "जुळलं की रं!"

मग तिच्या लॅबमध्ये पुण्याचं गिऱ्हाईक, तो शेजारचा कारखानदार आणि मी. कारखानदार हसला, "ठिपक्यावरनं कॅमेरा कळतोय व्हय, बाई?" प्रज्ञानं हात पुढं केला. "तुमचा द्या, त्याचीही खोड बघू." त्यानं खांद्यावरची पिशवी घट्ट धरली. गिऱ्हाईक माझ्याकडं वळलं. जिंकलोच होतो, तेवढ्यात ही म्हणाली, "फोटो शिवाच्या कॅमेऱ्यातला हाय, एवढंच मी सांगू शकते. माल कुणाचा, ते कॅमेरा सांगत न्हाय. जाऊन बघा."

गिऱ्हाइकानं दोन्ही कारखाने बघितले, माल दोन्हीकडचा पटला. निम्मी ऑर्डर मला, निम्मी त्यालाच.

"जरा माझी बाजू घेतली असतीस तर?"

"मग माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून गिऱ्हाइकानं तुझ्या दारात पाऊल टाकलं असतं का?"

मी नुसता आवाज चढवला. तो राग अजून गेलेला नाही... आता भांडायचं कुणाशी?

सोबतचा फोटो तिच्या भावानं दिला. जोतिबाच्या पायऱ्यांवर, केसांत गुलाल, कुणाकडं तरी बघून खळखळून हसतेय. खाली छायाचित्रकाराचं नाव काय टाकायचं, असं हा लेख छापणाऱ्या पुरवणीतून विचारलं. मी फाइल उघडून बघितली आणि कळवलं, कॅमेरा तिचाच आहे, एवढंच सांगू शकतो. काढला कुणी, माहीत नाही.