चहाच्या वेळेची गोळी

गॅरेजच्या शेजारी दुकान असलं की माणसाला टीव्हीची गरज पडत नाही. दिग्रसला हमीदचाचांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे आणि त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. मधे नुसता पत्रा. तिकडचं सगळं इकडं फुकटात ऐकू येतं, आणि मी काही कानात बोळे घालून बसणारा माणूस नाही! किस्से असे आपोआप साचत जातात. पण गेल्या काही वर्षांतले किस्से फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. वसीमनं गोळी घेतली का?

वसीम म्हणजे चाचांचा सगळ्यांत हुशार मेकॅनिक. वय पंचविशीचं. मधे त्याची झोप उडाली. बंद गाडीतून कोणीतरी आपलं नाव घेतंय, असं त्याला ऐकू यायला लागलं. यवतमाळला डॉक्टर मॅडमकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगा हळूहळू माणसात आला. गोळी सुरू असली की वसीम आमचा असतो. सुटली की तो समोर बसलेला असूनही सापडत नाही. म्हणून तर एवढा घोर.

*

पहिल्यांदा त्यानं गोळी सोडली ती हातांमुळं. गोळीनं बोटं थरथरायची. कार्ब्युरेटरमधला जेट म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. तो बोटांतून निसटायचा तो थेट नालीत!

एक दिवस त्यानं विचारलं, "चाचा, डोकं ठिकाणावर आलं, पण हात गेले. मेकॅनिकनं काय ठेवावं?"

यानं मग कोणाला न सांगता गोळी बंद केली.

थोड्याच दिवसांत एका सकाळी शटर उघडं दिसलं. आत गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या नटबोल्टसकट सुट्या झालेल्या, आणि मधोमध वसीम, पेट्रोलच्या टाकीला कान लावून.

"कोण बोलून राह्यलं ते पाहतो," म्हणाला.

चाचा रागीट माणूस, पण त्या दिवशी ओरडले नाहीत. त्याच्याजवळ खाली बसले. "सापडलं का?"

"नाही."

"मंग चाल, मॅडमले सापडते का पाहू."

त्याला यवतमाळला नेऊन आणलं, आणि मग चाचा माझ्या दुकानात येऊन ढसाढसा रडले. तीन गाड्यांचे नट वेगळे करता करता आमच्या नाकी नऊ आले ते वेगळंच.

*

हातांची तक्रार ऐकून मॅडम त्याला म्हणाल्या, "हात दाखव." आता मांडीवर ठेवलेले हात कसले थरथरतात! "बरे तर दिसतात," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुझं काम घेऊन ये. मला बघू दे."

दुसरा कोणी असता तर हसून विसरला असता. या बहाद्दरानं पिशवीत खरोखरचा कार्ब्युरेटर घातला आणि एसटीत जाऊन बसला!

कंडक्टर नाक दाबत आला. "कायचा वास येऊन राह्यला बे?"

"माझ्या रिपोर्टचा!"

मॅडमच्या टेबलावर पेपर अंथरून त्यानं कार्ब्युरेटर खोलला. नर्सबाई करवादली, बाहेरची रांग दारात गोळा झाली. जेट दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला तोवर मॅडम बोटांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू नुसतं कारण सांगतोस." त्याच दिवशी त्यांनी गोळी बदलली. हात पूर्ण थांबायला वेळ लागला, पण थांबले.

*

हात थांबले तशी याची हिंमत वाढली. गोळी तुकडे करून घ्यायला लागला. आज पाऊण, उद्या अर्धी!

"काहून बे?" मी विचारलं.

"थोडी रिच वाटत होती भाऊ. लीन केली." म्हणजे पेट्रोल जास्त जात असलं की स्क्रू फिरवून कमी करतात, तसं.

मॅडमनं ते पकडलंच. "वसीम, तू माझी स्कूटी ट्यून करून दिलीस आणि मी घरी जाऊन रोज थोडा थोडा स्क्रू फिरवला, तर?"

"मंग माझ्याकडं गाडी आणूच नका मॅडम!" हा तडकला, आणि लगेच जीभ चावली.

*

एकदा एक मास्तर गाडी घेऊन आले. चाचांना बाजूला घेऊन, पण अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "तो पागल पोरगा माझ्या गाडीले हात नको लावू देऊ."

चाचांनी मान डोलावली आणि स्वतः बसले. गाडी काही चालू होईना. किका मारून मारून म्हाताऱ्याचा दम निघाला. शेवटी मास्तरच म्हणाले, "मंग बोलवा ना त्याले!"

"कोणाले?"

"त्या पोराले."

"नाव हाये त्याले," चाचा म्हणाले. मास्तरांच्या तोंडून 'वसीम' वदवून घेतल्यावरच हाक मारली!

आम्ही पोट धरून हसलो. वसीम हसला नाही. आठ दिवसांनी कळलं, यानं पुन्हा गोळी सोडली होती.

मी भडकलोच. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, गोळी घेतो म्हणून लोक पागल म्हणतेत. गोळीच नसली तर कशावरून म्हणतीन?"

मला त्या मास्तरचा असा राग आला! वसीमच्या अम्मीनं जेवण सोडलं तेव्हा कुठं गोळी पुन्हा सुरू झाली.

*

मग रमजान आला. मौलानांनी सांगितलं, आजारी माणसाला रोजाची सूट असते. वसीम म्हणे, "पण मी बिमार नाही ना!" आता बोला!

मॅडमनं गोळी सकाळची संध्याकाळी केली. गॅरेजमध्येच सगळे इफ्तारला बसायचे. खजूर, पाणी, भजी आणि वसीमची गोळी. अख्खा महिना एकदाही चुकली नाही. ईद झाली आणि साहेब पुन्हा विसरायला लागले!

चाचा वैतागले. "अबे, आता बारा महिने रोजे ठेवतो का?"

वसीम हळूच म्हणाला, "एकट्यानं घेतली की बिमार वाटते चाचा. इफ्तारला सगळे सोबत राहत होते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या चहाला चाचांनी स्वतःची बीपीची गोळी खिशातून काढली. मग पत्र्यावर थाप मारून मला हाक दिली, "मिलिंद, तुही शुगरची आण!" आम्ही दोघांनी डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घेतल्या. तेव्हापासून तिघांची गोळी एकाच वेळी, चहाच्या टेबलावर.

*

यंदा वसीमची सोयरीक निघाली. मुलगी सना, तिचे वडील सय्यदभाई दारव्ह्याचे किराणा व्यापारी. मुलाला कामावर पाहायचं म्हणाले.

वसीम म्हणाला, "सांगून टाकू ना चाचा."

"आधी तुले पाहू तर दे! मंग सांगू. आज गोळ्या नाही. ते गेल्यावर घेऊ."

वसीम पाना उचलून कामाला लागला. मला वाटलं, मानलं त्यानं.

संध्याकाळी सय्यदभाई आले. बोलणं छान रंगलं. चहा आला. वसीमनं कप खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. चाचांचा चेहरा पडला.

"काय आहे ते?" सय्यदभाईंनी विचारलं.

"डोक्याची गोळी आहे. बिमार होतो मी. आता बरा हाये, पण रोज घ्यावी लागते." आणि त्यानं ती सगळ्यांसमोर घेतली.

"तसं काही खास नाही..." चाचा घाईघाईनं बोलायला लागले. सय्यदभाईंनी हातानंच थांबवलं. पाकीट मागून घेतलं, चष्मा लावून नाव वाचलं, उलटून पाहिलं आणि परत वसीमच्या हातात दिलं.

"खाने के पहले लेते क्या बाद में?" त्यांनी विचारलं. "हमारी सना तो बाद में लेती."