कमलम्माबाई आणि टाकीची किल्ली

कमलम्माबाईंना खो-खोतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि हे त्या स्वतःच आधी सांगून मोकळ्या होत. उदगीरच्या एका मुलींच्या शाळेत त्या शिवणकाम शिकवायच्या. कापड बेतताना त्यांची कात्री कधी चुकायची नाही, जीभ मात्र वाटेल तशी चालायची. मुलींना रागवायच्या त्या कानडीत, कारण रागवायला आईची भाषाच बरी, असं त्यांचं ठाम मत होतं. माहेर नायगावचं, दुकानदाराच्या घरातलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण रडगाणं गात बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सकाळची लिंगपूजा, दिवसभराची शाळा आणि रात्री भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर बाई तृप्त असायच्या.

मुलींच्या संघाबरोबर एखादी बाई हवीच असा नियम निघाला आणि तो नेमका त्यांच्या गळ्यात पडला. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आधी स्पर्धांना उस्मानाबाद गाठावं लागायचं; आता आपला जिल्हा, आपलं मैदान, म्हणून सगळ्यांच्या अंगात वारं शिरलेलं. आभाळ मात्र कोरडं ठाक. पाऊस त्या साली नावापुरताच झाला होता आणि विहिरींनी तळ गाठला होता. मुलींचा मुक्काम लातुरात, मैदानाजवळच्या एका शाळेच्या वर्गांत होता. मागच्या अंगाला टँकरनं भरायची टाकी, टाकीला कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे. मुक्कामाची व्यवस्था पाहणारे शेषेराव सर. हसरा माणूस, ज्याला त्याला ‘बेटा, बेटा’ करणारा. बाईंना तो पहिल्याच दिवशी आवडला होता, हेही सांगायला हवं. पूजेसाठी त्यानं न मागता तांब्याभर पाणी जास्त दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिंधु मैदानातच कोसळली. सिंधु म्हणजे संघातली सगळ्यांत चपळ पोर. तिच्या बापानं, श्रीमंतनं, मोठ्या मुश्किलीनं तिला पाठवलं होतं. गावात एका शब्दाची जरी कुजबूज झाली तर पोरीची शाळा बंद, हे त्यानं बाईंना एसटी स्टँडवर बजावून सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात पाणीच नाही. बाईंनी आधी कानडीत झाडलं, मग आपला तांब्या पुढे केला. पोरीनं तो एका दमात संपवला आणि आणखी मागितला.

इतकी तहान, मग प्यायली का नाही? बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी मराठीत आणि हलक्या आवाजात. तेव्हा सिंधु बोलली. सर एकेका मुलीला एकटीला बोलावतात. टाकीमागच्या खोलीत नेतात. बाटली भरायला मुद्दाम वेळ लावतात, मनगट धरतात, सोडत नाहीत, नको ते बोलतात. म्हणून तिनं आणि आणखी दोघींनी पाणी मागायचंच सोडून दिलं होतं.

“बाला नका सांगू,” ती म्हणाली. “शाळंतून काढतंय मला.”

बाई तडक स्पर्धा समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अमृतराव निवृत्त मुख्याध्यापक होते, माणूस वाईट नव्हता, पण नवा जिल्हा त्यांच्या डोक्यात गेला होता. त्यांनी दार लावून घेतलं. मुलींच्या मनाचे खेळ असतात, म्हणाले. पहिल्याच स्पर्धा, जिल्ह्याचं नाव खराब होईल. पोर आजारीच आहे, तर संघ घेऊन परत जा, कुणाला कळणारही नाही.

इथं बाईंची चूक झाली. त्यांच्या वडलांच्या दुकानात मापावरून भांडण झालं की शपथेसाठी ताटलीत बेलभंडारा यायचा. खरा माणूस उचलायचा, खोट्याचा हात मागे यायचा. लहानपणी हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हातात भंडारा घेऊन या मुलखात कुणी खोटं बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी सांगितलं, आणा भंडारा, बोलवा त्यांना.

जवळच्या देवळातून ताटली आली. शेषेरावांनी हात धुतले, डोळे मिटले, भंडारा उचलला आणि पोटच्या लेकरांची शपथ घेऊन सांगितलं की या सगळ्या मला मुलींसारख्या. हात जरासुद्धा कापला नाही. अमृतरावांनी सुस्कारा सोडला. प्रकरण मिटलं म्हणाले. कुणीतरी वर असंही सुचवलं की आता पोरीनं सरांची माफी मागावी.

सिंधु दाराबाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“त्यायनं भंडारा उचलला,” ती म्हणाली. “मंग म्या खोटी का, बाई?”

“न्हाई,” कमलम्माबाई म्हणाल्या. “तो खोटा हाय, अन् मी येडी.”

एवढं बोलून त्या ओसरीवर मटकन बसल्या. लाज वाटत होती. आपलं काम आपण देवावर ढकललं, आणि वर त्या माणसाला सगळ्यांदेखत धुतल्या तांदळासारखं करून दिलं. दुसऱ्याचा राग आला की बाईंचा तो तोंडावाटे निघून जायचा. स्वतःचा आला तेव्हा मात्र त्यांना बसवेना. त्या उठल्या आणि इतर संघांबरोबर आलेल्या बायांकडे एकेकीकडे गेल्या. सिंधुचं नाव काढलं नाही, त्या माणसाचंही नाही. तुमच्या पोरी पाणी पितात का, एवढंच विचारलं.

निलंग्याकडच्या गुणाबाई म्हणाल्या, आमच्या पोरी समोरच्या हॉटेलातून भरून आणतात, का ते सांगत नाहीत. दुसऱ्या एका संघाच्या मुली टाकीकडे जाताना हातात हात घालून तिघीतिघी जायच्या. तिसऱ्या बाईंना सगळं दिसलं होतं. आपल्यालाच वेडंवाकडं दिसतंय असं समजून त्या गप्प राहिल्या होत्या. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी या सगळ्या अमृतरावांपुढे उभ्या राहिल्या. बोलल्या कमलम्माबाई, आणि आश्चर्य म्हणजे आवाज न चढवता.

“भंडारा म्या उचलायला लावला, ती माझी चूक. देवाचं देव बघंल. किल्ली काढून घ्यायचं काम तुमचं हाय. पोरींचं ऐकून घ्यायचंबी तुमचंच. तवर एकबी मुलींचा संघ मैदानात उतरणार न्हाई.”

 अमृतराव स्वतः उठून गेले आणि शेषेरावांकडून किल्ली काढून घेऊन आले. घाबरट माणूस एकदा सरळ उभा राहिला की त्याला मान द्यायला हवा, आणि बाईंनी तो जन्मभर दिला. मुलींचं म्हणणं एका वर्गात ऐकलं गेलं, एकेकीचं, समोर फक्त दोन बाया. कुणालाही शपथ घ्यायला लावली नाही. कुणी डोकावू नये म्हणून अमृतराव बाहेर खुर्ची टाकून बसले. त्याच संध्याकाळी शेषेरावांना तिथून घालवून दिलं, मुलींचं म्हणणं लिहून घेतलेले कागद पोलिसांकडे आणि खात्याकडे गेले. पुढे चौकशी झाली, नोकरी गेली.

किल्ली आली बाईंच्या पदराला. उरलेले दिवस त्या टाकीजवळ बूड टेकून बसल्या आणि पाणी सांडणाऱ्या पोरींना कानडीतून धुऊन काढत राहिल्या. ज्यांना कानडी येत नव्हती त्याही हसायच्या. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी संघाबरोबर त्याच गेल्या, आणि त्यांना कुणाला ढकलावं लागलं नाही.

पण ते पुढचं; स्पर्धेहून परतताना आधी श्रीमंतला सांगायचं होतं. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर पोरीची शाळा संपलीच. सिंधुला त्यांनी तसं समजावलं, तिची मान हललेली पाहिली, आणि शाळेत न जाता तिच्याबरोबर सरळ तिच्या गावी गेल्या.

श्रीमंत अंगणात तंबाखू मळत बसला होता. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, भंडाऱ्याची आपली चूकसुद्धा. त्याचा अंगठा मध्येच थांबला. सिंधु दाराआड भिंतीला चिकटून उभी होती.  

“त्या मानसाचं काय झालं?” त्यानं विचारलं. बाईंनी सांगितलं. त्यानं तंबाखू खाली टाकून हात झटकले.

“सिंधे, भाईर ये.”

ती आली. मान खाली.

“सामना झाला का मंग?”

“झाला.”

“अन्?”

“हारलो.”

“हारलात? कशानं?”

सिंधुनं मान वर केली. बापानं खेळाबद्दल तिला आजवर काहीच विचारलं नव्हतं. आधी अडखळत, मग भराभर ती सांगू लागली. काडी घेऊन तिनं अंगणात पाटी आखली, खांब दाखवले, औशाच्या संघातली एक पोर शेवटपर्यंत कशी हुलकावण्या देत राहिली ते पळून दाखवलं. बाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही आणि त्या पदर डोळ्यांना लावून हसत होत्या. श्रीमंत उकिडवा बसून त्या रेघांकडे नीट बघत राहिला.

“मंग पुढच्या साली,” तो म्हणाला, “तिलाच आदी धरायचं.”